करवंद की ब्लूबेरी? कॉफीतल्या तुमच्या आवडत्या चवी कोणत्या, आणि त्यांना तुम्ही काय म्हणता?

पसरणीघाट | ३ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात मावसभावाने इथिओपियाची कॉफी आणून दिली. गुजी भागातली, नॅचरल, म्हणजे फळ न सोलता अख्खं वाळवलेली. पाकिटावर तीन शब्द छापले होते: ब्लूबेरी, जास्मिन, डार्क चॉकलेट. चार दिवस मी ती कॉफी गाळून प्यायले आणि चारही दिवस ब्लूबेरी शोधत बसले. सापडेना. सापडणार तरी कशी? ब्लूबेरी मी आयुष्यात दोनदा खाल्ली आहे, दोन्ही वेळा केकवर, साखरेच्या पाकात बुडालेली.

पाचव्या दिवशी फोन आला आणि कप टेबलावर तसाच राहिला. निवला. आई शेजारून जाताना थांबली आणि म्हणाली, "करवंदं आणलीस का गं?" मी घोट घेतला, आणि तेच! काळंभोर पिकलेलं, देठाशी चीक असलेलं करवंद. मे महिन्यात पसरणीच्या घाटात बायका पानांच्या द्रोणात विकायला घेऊन बसतात ना, ते. आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी जिभेच्या कडांना धरून राहणारा तुरटपणा. तीनही पायऱ्या त्या कपात होत्या.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. पाकिटावरचे शब्द आधी वाचायचे नाहीत. प्यायची, निवू द्यायची, परत प्यायची, आणि घरातल्या, गावातल्या, लहानपणीच्या चवींपैकी जे आठवेल ते लिहायचं. मग पाकीट उलटून बघायचं.

वही भरता भरता स्वतःची आवडही कळत गेली. मला फळाकडे झुकणारी कॉफी आवडते, पण सगळी फळं नाहीत. करवंद, जांभूळ, कोकम, आवळा, म्हणजे आंबटाच्या पाठोपाठ तुरट येणारी. निव्वळ लिंबासारखी आंबट मला नको वाटते. हल्लीच्या बंद टाकीत आंबवलेल्या ॲनएरोबिक कॉफ्यांना पिकून उतरलेल्या केळ्या-फणसाचा वास येतो, त्या दोन घोटांपुढे जात नाहीत. आपल्याकडच्यांत चिकमगळूरची एस-७९५ जातीची कॉफी मला सगळ्यात जवळची. तिच्यात मला चिंच आणि गूळ लागतात. आमटीतले नव्हेत, शाळेबाहेर मिळणारी चिंचेची गोळी चघळून झाल्यावर तोंडात उरतात ते.

तुमच्या जिभेला काय आवडतं, काय अजिबात चालत नाही, आणि त्या चवीला तुम्ही कुठल्या नावाने हाक मारता, हे ऐकायला फार आवडेल.

---

खरपूस | ३ जून, रात्री १०:०५

मस्त धागा. मी बरोबर दुसऱ्या टोकाचा. मला कॉफीत फळ नकोच.

माझी चव माझ्या नावातच आहे. शेंगदाणे भाजताना एक क्षण येतो. टरफल सुटायला लागतं, दाण्यावर तांबूस डाग पडतात आणि स्वयंपाकघरभर तो वास पसरतो. आणखी अर्धं मिनिट गेलं की करपट. त्या अर्ध्या मिनिटाच्या अलीकडची चव मला कपात हवी असते. लाडवासाठी तुपात भाजलेलं बेसन, तळून फुललेला डिंक, भाजलेली खसखस, सुकं खोबरं. या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, खरपूस, आणि तो मला आजवर एकाही कॉफीच्या पाकिटावर दिसलेला नाही.

म्हणून मी मान्सून्ड मलबारचा माणूस. इंग्रजांच्या काळी शिडाच्या जहाजांतून आपली कॉफी युरोपला जायला महिनोन्महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत दाणे फुगत, फिके पडत, त्यांचा आंबटपणा जाई, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. जहाजं वेगवान झाल्यावर ती चव हरवली, म्हणून आता मंगळुरूच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामांत दाणे पसरून मुद्दाम पावसाळी वारं लावतात. दुधात ती अशी बसते की साखर घालावीशीच वाटत नाही.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती सांगतो. मागच्या वर्षी एका कॅफेत साडेतीनशे रुपये देऊन एक कप घेतला. घोटाला तोंड वाकडं झालं. मी म्हणालो, आंबट आहे हो फार. तिथल्या मुलाने उत्तर दिलं, "सर, ही ॲसिडिटी आहे, तुम्हाला सवय नाही." मला आंबट लागलं हे माझ्या जिभेचं म्हणणं होतं. त्यात सवयीचा प्रश्न कुठे आला? त्यानंतर तशा कॅफेत जायचं मी बंद केलं.

---

रसायनी | ३ जून, रात्री ११:२०

खरपूस, तुमच्या बाजूने थोडं बोलतो. तुम्हाला मिळालेला कप बहुधा नीट उतरलेलाच नव्हता.

दळलेल्या कॉफीवर गरम पाणी पडलं की आम्लं आधी सुटतात. गोडसरपणा आणि भरीवपणा नंतर, आणि कडवट, तुरट भाग शेवटी. दळण जाड राहिलं, पाणी कोमट पडलं किंवा घाईने गाळलं, की कपात नुसती आम्लंच येतात, त्यांना तोलायला मागून काही येत नाही. अशी कॉफी जिभेच्या टोकाला चावते आणि लगेच संपते. तिला मी कच्ची आंबट म्हणतो. तीच पूड जरा बारीक दळून, पाणी ९३ अंशांच्या आसपास ठेवून गाळली, तर आंबट राहतं पण त्याच्यामागे गोड येतं. कच्ची कैरी आणि पाडाचा आंबा यांत आहे तेवढा फरक पडतो.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे, ते वापरायला हवेत. आंबट वेगळं, आंबटगोड वेगळं, आंबूस वेगळं, आंबलेलं वेगळं. कोकम आंबट असतं. दुपारपर्यंत बाहेर राहिलेली डाळ आंबूस होते. इडलीचं पीठ आंबलेलं असतं आणि ते आपल्याला हवं असतं. इंग्रजीत शिकलेला माणूस या सगळ्याला ॲसिडिटी आणि फर्मेंट एवढ्या दोन खणांत कोंबतो. तुम्ही त्या मुलाला 'आंबूस' म्हणाला असता तर ती तक्रार ठरली असती, आणि 'आंबट' हे नुसतं वर्णन. शिळ्या दाण्यांसाठी तर 'खवट'सारखा नेमका शब्द दुसरा नाही. जुन्या खोबऱ्याचा वास ज्याने घेतलाय त्याला तो कपात तत्काळ कळतो.

आणखी एक, कारण पुष्कळांचा इथे गोंधळ होतो. काळ्या कॉफीत आपण ज्याला गोड म्हणतो ती साखर नसते. कच्च्या अरेबिका (कॉफीची एक मुख्य जात) दाण्यात वजनाच्या ६ ते ९ टक्के साखर असते, पण भाजताना जवळजवळ सगळी मोडते. तिच्यापासून कॅरमेलसारखे, फळासारखे वास तयार होतात, आणि ते वास आपल्या डोक्यात गोडाशी जोडलेले असतात. म्हणजे गूळ आपल्याला नाकाने लागतो. विश्वास बसत नसेल तर नाक चिमटीत धरून दालचिनीची पूड आणि साखर चाखा. नुसती साखर लागेल. चिमूट सोडली की दालचिनी येईल.

---

जायफळ_वेलदोडा | ४ जून, सकाळी ७:४०

मुलांनो, वाचून फार छान वाटलं. माझं वय ७४. कॉफी म्हणजे काय हे मला माझ्या आईने शिकवलं, आणि आईच्या कॉफीत कॉफीपेक्षा जायफळ आधी यायचं.

आमच्याकडे चहा रोजचा आणि कॉफी उपासाची, आजारपणाची, नाहीतर पाहुण्यांची. पोलसनच्या कॉफीचा डबा. दूध उकळत ठेवायचं, त्यात साखर, मग कॉफीची पूड, वरून सहाणेवर दोन वळसे उगाळलेलं जायफळ आणि एक वेलदोडा. लग्नाच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मंडळींसाठी मोठ्या पातेल्यात व्हायची. तो वास आला की घरात काहीतरी चांगलं घडतंय असं वाटायचं. आजही वाटतं.

नातू बंगळूरहून वेगवेगळ्या पुड्या आणतो. काळी कॉफी मीही पिऊन पाहिली. वाईट नाही. पण मला खरंच विचारायचं आहे: जायफळ घालून दुधात केलेली कॉफी ही तुमच्या या स्पेशालिटीत, म्हणजे खास दर्जाच्या मानलेल्या कॉफीत, बसते का? की ती चव झाकणं झालं?

---

यारातीरी | ४ जून, दुपारी १२:५५

आजी, नमस्कार. मेलबर्नहून लिहिते आहे. तुमच्या प्रश्नावर आधी येते. चवींचं जे चक्र जगभरच्या कॅफेंत भिंतीवर टांगलेलं असतं, त्यात मसाल्यांच्या एका फांदीवर चार नावं आहेत: बडीशेपेच्या जातीतला ॲनीस, जायफळ, दालचिनी, लवंग. म्हणजे एखाद्या कॉफीत काहीही न घालता जायफळ लागलं तर परीक्षक ते कौतुकाने लिहून ठेवतात. तुमच्या आईने ते हाताने घातलं, एवढाच फरक. मला स्वतःला ती कॉफी अतिशय प्रिय आहे, आणि इथल्या हिवाळ्यात मी दर रविवारी करते.

आता पसरणीघाट ताईंशी थोडं भांडते. मी इथे कॉफी भाजायच्या एका भट्टीत काम करते, कपिंग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून पारखणं, रोजचं. तुमची वही सुंदर आहे, पण पाकिटावरच्या शब्दांवर अन्याय करू नका. ते कुणाच्या लहरीने आलेले नाहीत.

ते चक्र पहिल्यांदा १९९५ साली निघालं आणि २०१६ साली नव्याने मांडलं गेलं. नव्या मांडणीच्या मुळाशी वर्ल्ड कॉफी रिसर्च या संशोधन संस्थेचा चवींचा एक कोश आहे, ज्यात ११० गुणधर्म होते. कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या प्रशिक्षित चाखणाऱ्यांनी त्यावर काम केलं. त्यात प्रत्येक चवीसमोर एक ठरलेला पदार्थ आणि शून्य ते पंधरा या मापावर त्याची तीव्रता दिली आहे. ब्लूबेरी म्हणजे कुठलीही ब्लूबेरी नाही, तर डब्यातली, पाकातली. ते यासाठी, की केनियातला शेतकरी, जर्मनीतला खरेदीदार आणि मेलबर्नमधली मी, तिघं एका कपाबद्दल एकच गोष्ट बोललो पाहिजेत. तिथे प्रत्येकाने आपापल्या आजोळची फळं आणली तर व्यवहार होणार नाही. शेतकऱ्याचा भाव त्या शब्दांवर ठरतो.

पण तुमच्या बाजूचंही एक मान्य करते. हे मोजमाप बेतलं गेलं ते अमेरिकेतल्या दुकानांत मिळणाऱ्या पदार्थांवर. चक्रात मेपल सिरप आहे, काकवी आहे, गूळ नाही. डाळिंब आणि नारळ आहेत, पण आंबा, फणस, चिंच नाहीत. आणि माझ्याच शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मी 'जांभूळ' असं लिहून नंतर खोडलं होतं, ते अजून खुपतं. खोडून काय लिहिलं ते आठवतही नाही.

आवड आणि वर्णन वेगळं ठेवणं हेही आता आमच्या क्षेत्रात होतंय. पूर्वीच्या गुणपत्रिकेत, जिथे शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले की स्पेशालिटी, दोन्ही एकातच मिसळलेलं असे. २०२३ पासून स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने जी नवी पद्धत आणली तिच्यात 'काय लागलं' याचा कागद वेगळा आणि 'किती भावलं' याचा वेगळा. खरपूस यांना आंबट लागलं हे पहिल्या कागदावर, आवडलं नाही हे दुसऱ्या. दोन्ही खरं.

---

पसरणीघाट | ४ जून, रात्री ८:३०

आजी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच सहाण काढली.

यारातीरी, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. व्यापारासाठी ठरलेली भाषा हवी, पटलं. पण पाकीट तर माझ्या हातात येतं ना? मी कुणाशी सौदा करत नाही. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या आईला सांगायला, पुण्यातली भट्टी पुण्यातल्या गिऱ्हाइकाला 'ब्लॅककरंट' सांगते आणि आम्ही दोघीही ती न खाल्लेल्या, हे मला बोचतं. केनियाच्या कॉफीत ते ब्लॅककरंट म्हणतात तिथे मला पिकलेलं जांभूळ आणि त्याच्यावर टाकलेलं मीठ लागलं. जांभूळ वाचलं असतं तर मी ते पाकीट दोन वर्षं आधी घेतलं असतं. नाव ओळखीचं नसलं की माणूस समजतो, ही चीज आपल्यासाठी नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.

आणि जांभूळ खोडू नका हो. कंसात का होईना, लिहीत जा.

---

सकलेशपूरकर | ५ जून, पहाटे ५:५०

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मी मूळचा बेळगावचा, गेली २२ वर्षं सकलेशपूरजवळ एका मळ्यावर देखरेखीचं काम करतो. तुम्ही कपातून मागे बघताय, मी झाडाकडून पुढे बघतो, म्हणून थोडं.

मार्च-एप्रिलात वळवाची पहिली चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो. फुलं जाईसारखी, वासही त्याच घराण्यातला. ज्यांना कपात जाई लागते त्यांना वाटतं ती या फुलांची. तसं नसतं. फूल तीन दिवसांत गळतं, दाणा पुढे सात-आठ महिन्यांनी तयार होतो. जाईचा वास देणारं द्रव्य दाण्यात वेगळ्या वाटेने येतं. तसंच मिरीचं. आमच्याकडे सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल, मधे संत्री, वेलदोडा, फणस. पाहुणे येतात आणि म्हणतात, म्हणून कॉफीत मसाला लागतो. मुळांतून असा वास चढत नाही. सावलीचा फायदा हा की फळ सावकाश पिकतं आणि दाणा घट्ट भरतो.

चव खरी ठरते तोडणीला आणि तोडणीनंतरच्या दोन आठवड्यांत. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. झाडावर एकाच फांदीला हिरवं, केशरी, लाल आणि जांभळं पडलेलं फळ एकत्र असतं. नुसतं लाल तोडायचं म्हणजे एकाच झाडाकडे तीन-चार खेपा, आणि तेवढी मजुरी. हिरवं फळ मिसळलं की कपात कच्च्या शेंगेसारखा वास आणि नको तो तुरटपणा. मग फळं पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाकतात.

पुढे दोन वाटा. साल काढून, टाकीत आंबवून, धुऊन वाळवलं तर ते वॉश्ड. आमच्या बाजारात त्याला 'प्लांटेशन' म्हणतात. अख्खं फळ उन्हात वाळवलं तर 'चेरी'. मी कामाला लागलो तेव्हा चेरी म्हणजे उरलासुरला माल, जमिनीवर पसरलेला, भाव कमी. आज तीच चेरी नॅचरल या नावाने उंच मांडवांवर, जाळीवर, दिवसातून कितीदा तरी हात फिरवून वाळवतात आणि तिला जास्त भाव मिळतो. पसरणीघाट ताईंचं करवंद तिथे जन्मतं. फळाचा गर दाण्याला चिकटून वाळतो, त्यात यीस्ट काम करतं. एक दिवस ढग आले आणि थर जाड राहिला, की करवंदाचं आंबूस होतं. रसायनींनी शब्द अगदी बरोबर पकडला. आमच्याकडे मांडवावर कन्नडमध्ये त्याला वेगळा शब्द आहे, पण मनात मी आंबूसच म्हणतो.

तुमची ती एस-७९५ बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातली. ते केंद्र १९२५ साली सुरू झालं, आणि ही जात १९४० च्या दशकात तिथे तयार झाली. पानांवरच्या तांबेऱ्याला तोंड द्यावं म्हणून. चवीत ती केंट या जुन्या जातीवर गेली आहे. आज तिच्यावरही तांबेरा येतो, शिवाय खोडकिडा. म्हणून पुष्कळ जण ती काढून नव्या जाती लावतात. त्या जास्त पिकतात. तुमच्या चिंचगुळासाठी कुणीतरी कमी पीक सोसतोय, हे सांगावंसं वाटलं.

माझी स्वतःची आवड? मळ्यावरच्या बायका सकाळी करतात ती. मळ्यातलाच रोबस्टा (अरेबिकाखेरीजची दुसरी मुख्य जात), गूळ, तांब्याभर पाणी, दूध नाही.

---

रसायनी | ५ जून, सकाळी ९:१५

हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. वाचनखूण साठवली.

जाईच्या वासामागच्या द्रव्यांपैकी एक लिनालूल. तेच थोड्याफार प्रमाणात धण्यात आणि तुळशीच्या काही जातींत असतं. पनामाच्या एस्मेराल्डा मळ्यातली गेशा जातीची कॉफी २००४ च्या स्पर्धेत गाजली ती याच फुलासारख्या वासासाठी. आणि केळं-फणसाचा वास यीस्टने बनवलेल्या एस्टर नावाच्या द्रव्यांचा. म्हणून बंद टाकीतल्या कॉफीत तो भडक येतो. कुणाला तो आवडतो, कुणाला नेलपॉलिश आठवतं. दोघांची नाकं बरोबर आहेत, कारण ही द्रव्यं एकाच घराण्यातली.

---

नवखा_प्याला | ५ जून, दुपारी ३:०५

लातूरहून. माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही म्हणता ती फळं मला कधीच लागत नाहीत. पुण्यात मित्राकडे त्याच पाकिटातली कॉफी प्यायलो तर संत्र्यासारखी होती, घरी करतो तर मचूळ, पिठूळ. दळण, माप, सगळं तेच. पाणी बोअरचं आहे. त्यामुळे असेल का?

---

रसायनी | ५ जून, दुपारी ३:४०

त्याचमुळे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट नावाचे क्षार जास्त असतात, ते कॉफीतली आम्लं मारून टाकतात. आम्लं गेली की फळ गेलं. नुसतं आरओचं पाणीही घेऊ नका, त्यात क्षार इतके कमी की कॉफी पातळ आणि टोचरी लागते. कॉफीसाठी लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार चांगले मानतात. तुमच्याकडे आरओ असेल तर तीन वाट्या आरओ आणि एक वाटी बोअर असं मिसळून बघा, मग प्रमाण बदला. पुण्याचं धरणाचं पाणी मऊ, म्हणून मित्राकडे संत्रं लागलं.

---

नवखा_प्याला | ६ जून, सकाळी ८:२०

तीनास एक केलं. संत्रं नाही, पण मोसंबी लागली! सालीजवळचा किंचित कडू भाग धरून. बायकोलाही न सांगता तेच आठवलं. खूप आभार.

---

खरपूस | ८ जून, रात्री ९:४५

रसायनींचं ऐकून एक वॉश्ड चिकमगळूर आणली आणि दळण दोन खुणा बारीक केलं. आंबट आहेच, पण या वेळी मागून भाजलेल्या तिळाची चव आली, आणि घोट गेल्यावर तोंडात गोडसर राहिलं. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जसं होतं, अगदी तसं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कॅफेतल्या त्या मुलाने 'आवळ्यानंतरचं पाणी' म्हटलं असतं तर मी पूर्ण कप प्यायलो असतो.

रोजची माझी मान्सून्डच. पण ही रविवारी राहील.

---

जायफळ_वेलदोडा | ९ जून, सकाळी ७:१०

आवळ्यानंतरचं पाणी! अहो, किती वर्षांनी हे कुणाकडून ऐकलं.

नातवाच्या पुड्यांपैकी एक मीही जायफळाशिवाय घेतली काल, दूध घालून. मला खारकेचं दूध आठवलं. बाळंतपणात आई द्यायची ते. इतकं स्पष्ट की खाली बसावं लागलं.

---

यारातीरी | ९ जून, दुपारी १:३०

आजी, आज कपिंगच्या कागदावर मी 'खारीक' लिहिलं. शेजारच्या मुलीने विचारलं, हे काय? तिला सांगितलं: खजुराचंच भावंड, पण वाळून कडक झालेलं, आणि दुधात शिजवलं की त्याचा गोडवा बदलतो. तिने परत चाखलं आणि मान हलवली.

ताई, एक प्रयोग कराल का? करवंदाचा हंगाम संपायच्या आत खरी ब्लूबेरी आणा, ताजी. कपाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला करवंद. थोडी ब्लूबेरी साखरेत शिजवूनही ठेवा, कारण कोशातली ब्लूबेरी पाकातलीच आहे. आणि कप कपिंगसारखा करा: १२ ग्रॅम कॉफी जाडसर दळून त्यावर २२० मिली पाणी, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून तिथेच नाक न्यायचं, मग फेस काढून निवू द्यायचं आणि चमच्याने सुर्रकन ओढून प्यायचं.

---

पसरणीघाट | १४ जून, रात्री १०:२५

केला प्रयोग. यारातीरी, तुमच्यामुळे आज घरात जत्रा होती.

वाईहून भावाने शेवटची करवंदं पाठवली, पावसाने थोडी फुटलेली. ब्लूबेरीचा छोटा डबा महाग पडला. शेजारच्या दोघी, मी, आई, आणि आमच्याकडे येणाऱ्या मंगलताई, अशा पाच जणी. कप तीन: गुजी, एस-७९५, आणि खरपूस यांच्या मानार्थ मान्सून्ड मलबार. नियम एकच, आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं.

मान्सून्डवर चिठ्ठ्या निघाल्या: जुनी लाकडी पेटी, धान्याची कणगी, भाजलेला रवा, पहिल्या पावसातली भिंत, आणि एक कोरी. एस-७९५ वर दोघींनी चिंच लिहिली, एकीने काकवी, मंगलताईंनी 'गुऱ्हाळाच्या बाहेर उभं राहिल्यावर'. त्यांचं माहेर कऱ्हाडकडे आहे. शेजारच्या एकीला ती नुसती कडू लागली आणि तिने तसंच लिहिलं, ते मला आवडलं.

गुजीवर तीन करवंदं, एक जांभूळ, एक मोरावळा. मग ताजी ब्लूबेरी चाखली. आई म्हणाली, "याला तर वासच नाही." खरंच नव्हता, नुसती पाणीदार गोडसर. माझा मुद्दा सिद्ध झाला असं वाटलं मला. मग शिजवलेली वाटी पुढे घेतली, आणि कप पुन्हा नाकाशी नेला. दोन्हीत एकच वास होता. जॅमसारखा, जडसर, जांभळा. करवंदात तो नाही. करवंदात जे आंबट-तुरट आहे ते मात्र शिजवलेल्या ब्लूबेरीत नाही, आणि कपात आहे. कप गरम असताना ब्लूबेरी पुढे होती, निवल्यावर करवंद. चार दिवस मी ती गरम गरम संपवत होते आणि पाकातल्या ब्लूबेरीची ओळख केकपुरतीच होती, म्हणून मला एकही सापडलं नव्हतं. पाचव्या दिवशी कप निवला म्हणून आईला करवंद मिळालं.

वहीत गुजीपुढे आता दोन्ही लिहिली आहेत. पाकातली ब्लूबेरी, मग करवंद. जास्मिन अजून नाही. पाकिटात ४० ग्रॅम उरली आहे, पुण्यातलं कुणी येणार असेल तर रविवारपर्यंत ठेवते.

---

सकलेशपूरकर | १५ जून, पहाटे ५:४०

जाईसाठी थर मोडताना नाक आणखी जवळ न्या, आणि कप चांगला गरम असतानाच. पहिल्या दोन-तीन सेकंदांत येते आणि जाते. इकडे परवापासून पाऊस लागलाय. फळं बोराएवढी हिरवी आहेत. डिसेंबरात तोडणीला येणार असाल तर सांगा, आईंनाही आणा.